मलेरियाचं पोस्टर किती महिलांपर्यंत पोहोचलं? हे नेमकं मोजतात कसं?

‘मच्छरदाणीत झोपा, ताप आला तर लगेच तपासणी करा.’ असं पोस्टर छापणं सोपं. ते कुणापर्यंत पोहोचलं, हे शोधणं अवघड.

मोजायचं कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण आढळले आणि ५.९७ लाख जणांचा मृत्यू झाला. त्यातले जवळपास ३१ टक्के मृत्यू एकट्या नायजेरियात झाले. सर्वाधिक धोका पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर महिलांना असतो. त्यामुळे पोस्टर, पत्रकांवर होणारा खर्च योग्य ठिकाणी पोहोचतोय का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विचारतात काय?

नायजेरियासह अनेक देशांत ‘मलेरिया इंडिकेटर सर्व्हे’ होतो. त्यात १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांना विचारलं जातं: गेल्या सहा महिन्यांत मलेरियाबद्दलचा संदेश पाहिला किंवा ऐकला का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न, कुठे? रेडिओ, टीव्ही, पोस्टर किंवा होर्डिंग, वर्तमानपत्र, माहितीपत्रक, आरोग्य कर्मचारी अशी एकाहून जास्त उत्तरं नोंदवता येतात.

टक्केवारी कशाची?

गडबड इथेच होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊया. १,००० महिलांपैकी ४०० जणींना एखादा तरी संदेश आठवला आणि त्यातल्या १०० जणींनी पोस्टर सांगितलं. संदेश आठवणाऱ्यांपैकी पोस्टरचं प्रमाण २५ टक्के. पण सगळ्या महिलांपैकी पाहिलं तर फक्त १० टक्के! दोन्ही आकडे खरे आहेत, पण अर्थ वेगळा. अहवालातल्या तक्त्याच्या डोक्यावर ‘कोणत्या महिलांपैकी’ हे लिहिलेलं असतं. बातमीत नेमकं तेच गळून पडतं.

पाहिलं म्हणजे वाचलं?

नाही. चित्र पाहून पुढे गेलेली महिलाही ‘हो’ म्हणू शकते. सहा महिन्यांपूर्वीचं पत्रक विसरलेली ‘नाही’ म्हणेल. म्हणजे इथे मोजली जाते ती आठवण. म्हणून साक्षरतेची माहिती सोबत पाहावी लागते. ती मिळवण्यासाठी कमी शिकलेल्या महिलांना कार्डावरचं एक सोपं वाक्य वाचायला देतात आणि पूर्ण वाचलं, थोडं वाचलं की अजिबात नाही, याची नोंद करतात.

पोस्टरमुळे मच्छरदाणी वापरली का?

पोस्टर आठवणाऱ्या महिला मच्छरदाणी जास्त वापरतात असं दिसलं, तरी श्रेय थेट पोस्टरला देता येत नाही. पोस्टर बहुतेकदा शहरात किंवा दवाखान्यात असतं. तिथे पोहोचणारी महिला अनेकदा जास्त शिकलेली, बऱ्या परिस्थितीतली असते. दवाखान्यापासून लांब राहणारी, वाचता न येणारी गरोदर बाई मात्र सरासरीत हरवते. म्हणून शिक्षण, उत्पन्न आणि गाव-शहर असे वेगवेगळे आकडे पाहणं गरजेचं.

भारताशी काय संबंध?

आपलं ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण’ अशाच आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांच्या कुटुंबातलं आहे. महिला आठवड्यातून एकदा तरी वर्तमानपत्र वाचतात का, हे त्यातही विचारलं जातं.

तेव्हा ‘इतक्या टक्के महिलांपर्यंत संदेश पोहोचला’ असं वाचलंत की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा: कोणत्या महिलांपैकी, किती काळातला, आणि कोण सुटलं?