इंजिनाला कोणते पाणी चालते?

अंबरनाथच्या पूर्वेस काकोळे गावाजवळ एक जुना जलाशय आहे. कोळशाच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तो बांधला, म्हणून त्याला आजही ‘जीआयपी टँक’ म्हणतात. कल्याणहून बदलापूरच्या बाजूने घाटाच्या पायथ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. बाष्पित्रात पाण्याची वाफ होऊन जाई आणि त्यातले क्षार मागे राहत. त्यांचा थर साचला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नसे. म्हणून पाणी किती आहे याइतकेच ते कसे आहे, हेही रेल्वेला पाहावे लागे.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये वुर्त्झ या रसायनशास्त्रज्ञाने एथिलीन ग्लायकॉल प्रथम तयार केले. पुढे कित्येक वर्षे त्याचा इंजिनाशी काही संबंध आला नाही.

बेंझच्या १८८६ च्या मोटारगाडीत पाणी उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. नंतर रेडिएटर आला आणि तेच पाणी फिरून वापरता येऊ लागले. विशिष्ट उष्मा मोठा असल्याने पाण्यासारखे दुसरे शीतक नाही. पण थंड देशांत ते गोठे, गोठताना सुमारे ९ टक्के फुगे आणि इंजिनाचे ओतीव लोखंड तडके. लोकांनी अल्कोहोल मिसळून पाहिले, ते उडून गेले. कॅल्शियम क्लोराइडने धातू खाल्ला. अखेर १९२० च्या दशकात ग्लायकॉल बाजारात आले. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश सेल्सिअस. रोल्स-रॉइसच्या ‘मर्लिन’ या विमान-इंजिनात आधी ते शुद्ध स्वरूपात वापरले. पण त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून कमी. म्हणून पुढे ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल घेऊन ते दाबाखाली ठेवले गेले.

उल्हासनगरात पाणी गोठत नाही. मग आपल्याला ग्लायकॉल कशाला? याची कारणे दोन. पाणी व ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतल्यास मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते आणि रेडिएटरच्या दाबाच्या झाकणामुळे त्याहूनही उशिरा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. लोखंड, अल्युमिनियम, तांबे हे धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की विद्युतघट तयार होतो आणि धातू झिजतो. हे रोखणारी द्रव्ये शीतकात असतात.

या द्रव्यांची निवडही पाण्यावरूनच ठरली. युरोपात पाणी दुष्फेन. त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचा साका बनतो, म्हणून तिथल्या कारखानदारांनी फॉस्फेट टाळले. सिलिकेटमुळे पंपाचे सील झिजते, म्हणून जपान्यांनी सिलिकेट टाळले. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारित, अधिक काळ टिकणारी शीतके आली. हिरवा, नारिंगी, गुलाबी हे केवळ रंग आहेत. त्यांवरून आतले रसायन ओळखता येत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले शीतकच घ्यावे, दोन प्रकार एकत्र करू नयेत आणि तयार मिश्रण नसेल तर ऊर्ध्वपातित पाणीच मिसळावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. तीन स्टीलच्या वाट्यांत नळाचे, कूपनलिकेचे आणि ऊर्ध्वपातित पाणी समप्रमाणात घेऊन शिक्षकांनी ते मंद आचेवर आटवावे. तळाशी काय उरते ते मुलांनी पाहावे. रेडिएटरमध्ये दर वेळी कूपनलिकेचे पाणी भरणारा माणूस आत काय भरतो आहे, हे त्यांना आपोआप कळेल.

ग्लायकॉल मात्र वर्गात आणू नये. ते चवीला गोड, पण विषारी आहे. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. मुलांना आणि रस्त्यावरच्या जनावरांनाही त्याचा धोका आहे. म्हणून शीतक प्यायच्या पाण्याच्या बाटलीत ठेवू नये आणि जुने काढलेले शीतक गटारात ओतू नये. इथली गटारे वालधुनीला मिळतात. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावून अंबरनाथ, उल्हासनगरमधून कल्याणकडे जाणाऱ्या या नदीने आधीच पुष्कळ सोसले आहे.