कैबाबची हरणे आणि हिवाळ्याचा हिशेब

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर कैबाब नावाचे पठार आहे. पायूट आदिवासींच्या भाषेत कैबाब म्हणजे आडवा पडलेला डोंगर. या डोंगरावर म्यूल डिअर जातीची हरणे राहतात. खेचरासारख्या लांब कानांमुळे त्यांना हे नाव पडले.

या हरणांची घरे दोन. उन्हाळ्यात ती सुमारे अडीच हजार मीटर उंचीच्या माथ्यावर असतात. तिथे पाइन, स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनची जंगले आहेत, मधूनमधून हिरवी कुरणे आहेत. हिवाळ्यात माथा बर्फाखाली जातो, तेव्हा कळप पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या उतारांवर, खुरट्या पाइन-जुनिपरच्या झुडपी रानात येतो. तिथे क्लिफरोझ आणि सेजब्रशच्या डहाळ्यांवर वसंतापर्यंत दिवस काढायचे. माथ्यावर चारा कितीही असो, किती हरणे जगणार हे खालची झुडपे ठरवतात.

१९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या भागाला शिकारबंदीचे संरक्षण दिले. त्या वेळी हरणे चार हजारांच्या आसपास असावीत, असा अंदाज होता. हरणांचे भले व्हावे म्हणून त्यांचे शत्रू संपवण्याचे काम सरकारी शिकाऱ्यांनी हाती घेतले. पुढच्या काही दशकांत शेकडो पहाडी सिंह आणि हजारो कोयोटी मारले गेले. लांडगे तर नामशेषच झाले. हेतू चांगला होता, पण खालच्या झुडपांचा विचार कोणी केला नव्हता.

हरणे वाढत गेली. १९२४ साली ती तीस हजार आहेत असे कोणी म्हणे, तर कोणी एक लाख. झाडांचा पाला हरणांची मान पोहोचेल तिथवर ओरबाडला गेला होता. त्या डिसेंबरात जॉर्ज मॅककॉर्मिक यांच्या पुढाकाराने हजारो हरणे हाकून, कोलोरॅडो नदी ओलांडून दक्षिण काठावर नेण्याचा घाट घातला गेला. घंटा वाजवत माणसांची रांग पुढे सरकली. हरणे मात्र उलटी फिरून रांगेतूनच मागे पळाली. एकही पार गेले नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यांत हरणे भुकेने मोठ्या संख्येने मेली.

मग हरणे मारण्याचा अधिकार कोणाचा, यावरून राज्य आणि केंद्र यांच्यात वाद पेटला. आपल्या जमिनीचे नुकसान टाळण्यासाठी केंद्र सरकार तसे करू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२८ साली दिला.

वनाधिकारी आणि लेखक आल्डो लिओपोल्ड यांनी यातून धडा काढला, की शिकारी प्राणी संपवले तर हरणे डोंगरच खाऊन टाकतील. ही गोष्ट कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत होती. १९७० साली प्राणिशास्त्रज्ञ ग्रॅम कॉली यांनी तिच्यावर प्रश्नचिन्ह लावले. जुने आकडे कच्चे आहेत, आणि त्याच काळात पठारावरची मेंढरे-गुरेही खूप कमी झाली होती, तेव्हा सारा दोष एकाच कारणावर कसा टाकायचा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००६ साली अ‍ॅस्पेनच्या खोडांतली वर्तुळे मोजून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हरणांच्या भरभराटीच्या काळात रुजून टिकलेली झाडे अगदी थोडी निघाली. म्हणजे हरणांचा नेमका आकडा हाती नसला, तरी कोवळी रोपे चरली गेली याची नोंद झाडांनी ठेवलीच होती.

प्राणी वाचवायचा म्हणजे तो जिथे दिसतो तेवढीच जागा राखायची, असे आपल्याला वाटते. परंतु कैबाबच्या कळपाला वरचे आणि खालचे अशी दोन्ही राने लागतात, आणि त्यांना जोडणारी वाटही. संरक्षणाचा फलक माथ्यावर लावून भागत नाही. हिवाळा आला की हरणे काय खातील, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.