‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ वाचावी का? खोट्या तळटीपांचा थोडा इतिहास

पेटची तयारी, संशोधन आराखडा, मार्गदर्शक शोधणं हे सगळं चालू असताना ७०९ पानांची भयकादंबरी वाचायची का? तीही अशी की काही पानांवर चारच शब्द, काही मजकूर पुस्तक उलटं धरून वाचायचा, आणि तळटीपांनाही तळटीपा. माझं उत्तर ‘हो’ आहे. पण का, ते सांगायला मला अठराव्या शतकात जावं लागेल.

आधी पुस्तकाबद्दल. मार्क डॅनिएलेव्स्की या अमेरिकन लेखकाची ही पहिली कादंबरी २००० साली पँथिऑनने काढली. विल नेव्हिडसन नावाचा छायापत्रकार कुटुंबासह व्हर्जिनियातल्या एका घरात राहायला जातो. मोजमाप घेतो तर घर बाहेरून जेवढं रुंद, त्यापेक्षा आतून पाव इंच जास्त. पुढे भिंतीत एक दार उगवतं आणि त्यामागे न संपणारा अंधार. नेव्हिडसन याची फिल्म करतो. त्या फिल्मवर झँपानो नावाचा म्हातारा एक लांबलचक विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहून मरतो. लॉस एंजेलिसमधल्या जॉनी ट्रुअंट या तरुणाच्या हाती ती बाडं लागतात आणि तो त्यावर स्वतःच्या टिपा चढवतो. त्यावर आणखी संपादकांच्या टिपा. कोण बोलतंय ते टंकावरून म्हणजे फाँटवरून ओळखायचं.

आता गंमत बघा. जॉनी सुरुवातीलाच सांगून टाकतो की अशी फिल्म अस्तित्वातच नाही. आणि झँपानो आंधळा होता. म्हणजे नसलेल्या फिल्मवर, ती बघू न शकणाऱ्या माणसाने, शेकडो संदर्भ देऊन लिहिलेला हा प्रबंध! त्यात हायडेगर खरा आहे, पण कित्येक लेख आणि पुस्तकं निव्वळ रचलेली. स्टीफन किंग, देरिदा अशा खऱ्या माणसांच्या तोंडीही खोट्या मुलाखती घातल्यात.

हे सगळं एकदम नवं वाटतं, पण नाही. होरेस वॉलपोलने डिसेंबर १७६४ मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली. इंग्रजीतली पहिली गॉथिक कादंबरी म्हणून आपण नेट-सेटला जी पाठ करतो, तीच. पण पहिल्या आवृत्तीवर वॉलपोलचं नावच नव्हतं. प्रस्तावनेत लिहिलं होतं की उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात १५२९ साली नेपल्सला छापलेलं पुस्तक सापडलं, त्याचा हा अनुवाद. पुस्तक खपलं, आणि १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कबूल केलं की सगळं माझंच.

इथेच थांबलो असतो तर ही नुसती वाङ्मयीन खोडी ठरली असती. पण याच वॉलपोलने १७६८ मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डवर पुस्तक लिहिलं, आणि रिचर्डला खलनायक ठरवणारी साधनं विश्वासार्ह नाहीत असं त्यात मांडलं. म्हणजे चार वर्षांपूर्वी स्वतः बनावट साधन तयार करणारा माणूस आता साधनचिकित्सा करत होता. आणि १७६९ मध्ये ब्रिस्टलहून थॉमस चॅटरटन नावाच्या पोराने त्याला इंग्लंडमधल्या चित्रकलेच्या इतिहासावरचं एक ‘मध्ययुगीन’ हस्तलिखित पाठवलं. वॉलपोल आधी खूश झाला, सौजन्याने उत्तर दिलं. मग मित्रांना दाखवल्यावर लक्षात आलं की हे नकली आहे. चॅटरटन पुढच्या वर्षी, सतरा वर्षांचा असताना, वारला आणि लोकांनी वॉलपोलला दोष दिला. मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो. कागद खोटा हे ओळखणं बरोबरच होतं, पण ओळखणारा स्वतः कोण होता?

त्याच काळात इतिहासकार उलट्या दिशेने निघाले होते. १७७६ मध्ये गिबनच्या रोमवरच्या ग्रंथाचा पहिला खंड आला तेव्हा टिपा पुस्तकाच्या शेवटी होत्या. डेव्हिड ह्यूमने प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली की सारखं मागे जावं लागतं, टिपा पानाच्या खाली छापा. पुढे तसं झालं. आज आपण प्रबंधात ‘तत्रैव’ लिहून जी तळटीप टाकतो, तिच्यामागे हा साधा करार आहे: मी म्हणतोय ते तपासायची सोय तुमच्या नजरेसमोर आहे.

डॅनिएलेव्स्की नेमका हा करार मोडतो. वॉलपोलची एक खोटी प्रस्तावना होती. इथे शेकडो खोट्या टिपा आहेत, आणि त्या दिसतात अगदी आपल्या टिपांसारख्या.

माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक जागा अंधाऱ्या जिन्यावर नाही, ती अगदी सुरुवातीला आहे. जॉनीच्या घरात गरम पाणी येत नसतं. झँपानोच्या मजकुरात नेव्हिडसनकडचा हीटर बिघडल्याचा उल्लेख येतो, तर जॉनी तिथे ‘वॉटर’ हा शब्द स्वतःचा घुसडतो आणि टिपेत तसं सांगतो. बस्स, एवढंच. पण पाठचिकित्सा करणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असं आहे. नकलाकाराने घातलेला प्रक्षेप म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं करून मला कुणी समजावलेलं नाही. एक कबूल केला. कबूल न केलेले किती?

विचित्र मांडणीबद्दल स्पष्टच सांगतो. नवव्या, चक्रव्यूहाच्या प्रकरणात टिपा चौकटीत, आडव्या, उलट्या अशा धावतात आणि तुम्ही खरंच हरवता. त्यानंतरच्या सुटकेच्या प्रकरणात पानावर मोजके शब्द, त्यामुळे पानं धडाधड उलटतात, धाप लागते. तिथे मांडणी काम करते. प्रत्येक ‘घर’ हा शब्द निळ्या शाईत छापण्याने मात्र मला फार काही मिळालं नाही. जॉनीच्या दारू-मुलींच्या लांबलचक टिपा तर कंटाळवाण्या आहेत. त्या बिनधास्त चाळा. पण परिशिष्टातली त्याच्या आईची पत्रं सोडू नका.

मोबाईलवर वाचायचा प्रयत्न करू नका, छापील आणि रंगीतच प्रत मिळवा. हातात पेन्सिल ठेवा, आणि नवव्या प्रकरणातल्या कुठल्याही दहा टिपा घेऊन त्यातल्या खऱ्या किती ते ग्रंथालयात शोधून बघा. मग तेच आपल्या साहित्य आढाव्यातल्या, दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेल्या दहा संदर्भांचं करा.