परावलंबनाची फर्द

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना लागणारी जवाहरनगरची वसाहत आयुध निर्माणीभोवती वाढलेली असून, प्रणोदके आणि स्फोटके तयार करणे हे त्या निर्माणीचे काम होय. अशा पदार्थांच्या साठवणुकीचा एक दंडक जगभर पाळला जातो: प्रत्येक वस्तूचा स्वभाव पाहून तिला एका अक्षराचा गट नेमून दिलेला असतो, आणि डिटोनेटर व उच्च स्फोटक यांना एका कोठारात जागा द्यायची नाही, ही गोष्ट कोठारावरील माणसाच्या स्मरणावर किंवा मर्जीवर न सोपवता आगाऊ लिहून ठेवलेली असते. २४ जानेवारी २०२५ रोजी याच निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा त्या कामातील जोखमीशी संगणकातील कोणत्याही अडचणीची बरोबरी करणे अनुचित ठरेल. मी येथून उचलतो आहे ती केवळ एवढीच कल्पना, की कोणी कोणाच्या शेजारी नांदावे याचा बंदोबस्त आधी कागदावर व्हावा. सर्व्हरवर नवा डेटाबेस चढविताना जी फर्द आपला हात धरते, तिच्या मुळाशीही हीच कल्पना आहे.

लिनक्सच्या आरंभीच्या दिवसांत प्रोग्राम मूळ संहितेच्या गाठोड्यातून येत असे. ते गाठोडे सोडावे, कंपाइल करू लागावे, आणि अर्ध्या वाटेवर अमुक एक लायब्ररी आपल्याकडे नाही असे कळले की तिच्या शोधात हिंडावे, असा तो क्रम होता. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी इयन जॅक्सन यांनी डीपीकेजी हे साधन सी भाषेत नव्याने लिहिले. प्रत्येक पॅकेजाबरोबर एक फर्द जोडण्याचा प्रघात या साधनामुळे रूढ झाला. हे पॅकेज कोणावर अवलंबून आहे, कोणाशी त्याचे जमत नाही आणि कोणाच्या जागी ते उभे राहू शकते, हे तपशील तीत नमूद असतात. सातबारा वाचणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही, कारण जमीन कोणाच्या नावावर आहे एवढे पाहून भागत नाही, ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचा बोजा चढला आहे हे पाहिल्यावाचून शहाणा माणूस व्यवहार करीत नाही. रेड हॅटच्या मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांनी १९९५ च्या सुमारास घडविलेल्या आरपीएम या दुसऱ्या साधनाच्या घराण्यात तर तयार प्रोग्राम तपासून त्याला कोणती सामायिक लायब्ररी लागते, याची नोंद आपोआप होऊ लागली. तथापि ही दोन्ही साधने हरकत तेवढी नोंदवीत. उणीव भरून काढण्याचे काम १९९८ मध्ये आलेल्या एपीटीने आणि पुढे आरपीएमच्या घराण्यात यमने पत्करले. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये सिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी असल्यामुळे हा वारसा आपल्याकडेही पोहोचलेला आहे.

डेटाबेसची कथा मात्र भाऊबंदकीची आहे. मायकेल विडेनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जो मायएसक्यूएल लोकांपुढे आणला, त्यातील ‘माय’ हे विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचे नाव होय. सन या कंपनीने २००८ मध्ये तो सुमारे १०० कोटी डॉलरला विकत घेतला, आणि सनच ओरॅकलच्या ताब्यात जाणार हे २००९ मध्ये स्पष्ट होताच विडेनियस यांनी त्याच मुक्त संहितेची वेगळी शाखा काढून तिला धाकट्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले. अशा रीतीने दोन बहिणींच्या नावांच्या या दोन शाखा एकाच वाड्याच्या वारस झाल्या: फायलींची नावे बहुतांशी तीच, त्यांच्या जागा त्याच, पोर्टही ३३०६ हेच. मारियाडीबी मायएसक्यूएलच्या जागी अलगद बसते हा तिचा मोठा गुण. परंतु दोघींचा संसार एका घरात सहजासहजी होत नाही, हेही त्या गुणाचेच फळ आहे.

या वारसाहक्काचा खरा कस लागला तो २०१४ मध्ये रेड हॅट ७ आणि सेंटओएस ७ यांनी मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी घरात घेतली तेव्हा. ज्याने आयुष्यात डेटाबेस चढविला नाही, त्याच्याही सर्व्हरवर मारियाडीबीची लायब्ररी सापडू लागली, कारण टपाल वाहणाऱ्या पोस्टफिक्सची बांधणी त्या लायब्ररीच्या १८ क्रमांकाच्या आवृत्तीवर झालेली होती. पुढे मायएसक्यूएल ५.७ आला तो २० क्रमांकाची लायब्ररी घेऊन, आणि ८.० आला तो २१ क्रमांकाची घेऊन. या आवृत्त्यांची सुटी आरपीएम पॅकेजे उतरवून कोणी हाताने चढवू लागला की मारियाडीबीशी विरोध असल्याचा शेरा येतो. तो जुनी लायब्ररी काढावयास जातो, तर तिच्याबरोबर पोस्टफिक्सही जाईल असे यम बजावतो. येथे पुष्कळजण अवलंबनाची तपासणीच बंद करणारा पर्याय वापरतात. मला ही कृती सर्वथा चुकीची वाटते, कारण तिच्यामुळे बोजा फिटत नाही, केवळ त्याची चौकशी थांबते, आणि पुढच्या वेळी पोस्टफिक्स सुरू होताना लायब्ररी नाही म्हणून ते कोसळते. वस्तुतः हा तगादा नव्या डेटाबेसविरुद्ध नसतोच. तो जुन्याच्या नावावर चढलेल्या देण्याचा असतो. मायएसक्यूएलच्या प्रकाशकांनी ते देणे ओळखून ‘लिब्ज-कॉम्पॅट’ नावाचे स्वतंत्र पॅकेज दिले, ज्यात १८ क्रमांकाची लायब्ररी जशीच्या तशी आहे. ते नव्या पॅकेजांसह एकाच व्यवहारात चढविले की मारियाडीबीची लायब्ररी निघून जाते आणि पोस्टफिक्स मात्र एक क्षणही निराधार राहत नाही.

पॅकेजांचा असा मेळ बसविणे गणिताच्या दृष्टीने अत्यंत बिकट कोटीतील कोडे आहे, हे या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातील संशोधकांनी सिद्ध केले, आणि ओपनसुसेने २००८ मध्ये तर्कशास्त्रीय समीकरणे सोडविणारे यंत्रच या कामी जुंपले. परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो डेबियनने २०१७ च्या आपल्या नवव्या आवृत्तीत स्वीकारलेला साधा उपाय: पॅकेजांनी अमुक शाखेचे नाव न घेता ‘डिफॉल्ट-मायएसक्यूएल’ या नावाने अवलंबन सांगावे, आणि त्या नावामागे कोण बसेल हे वितरणाने ठरवावे. वतनाच्या जागी पद आले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला असला तरी त्यावर चालणारे सर्व्हर आजही ज्यांच्या हाती असतील त्यांना एवढीच विनंती, की होकार देण्यापूर्वी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, आणि तीत पोस्टफिक्सचे नाव दिसले तर तेथेच थांबून जुन्या लायब्ररीचे पॅकेज त्याच व्यवहारात जोडावे.