विद्या आणि अंतर

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या गोंदिया प्रदेशातील विद्याप्रसाराचा इतिहास स्मरणे उचित होईल. त्या इतिहासाचे सार एकच आहे: ज्याने शाळा मुलाच्या दाराजवळ आणिली, त्यानेच मुलूख शिकविला.

या भूमीस विद्येचे वावडे कधीच नव्हते. नाटककार भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. परंतु ती विद्या थोड्यांची होती. पुढे इंग्रजी अमदानीत संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाची शाळा नागपुरास १८७० साली निघाली व १८८० नंतरच्या दशकात आगगाडीने गोंदियास नागपुराशी जोडले. तथापि देवरी-चिचगडच्या रानातील गोंड बालकास नागपूर पूर्वीइतकेच दूर राहिले.

हे अंतर तोडण्याचा मोठा उद्योग मनोहरभाई पटेल यांनी केला. स्वतःचे शालेय शिक्षण अल्प असूनही त्यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि खेडोपाडी माध्यमिक शाळा काढिल्या. आमगावास लक्ष्मणराव मानकर गुरुजींनी भवभूतीच्याच नावाने शिक्षणसंस्था उभारिली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्यातील साक्षरता शेकडा सुमारे ८५ भरली. स्त्रिया मात्र पुरुषांच्या बऱ्याच मागे होत्या.

असो. शाळा जवळ आली, तरी अंतर सर्वस्वी सरले असे नव्हे. रोवणीच्या दिवसांत आईबाप बांधीत असता धाकट्या भावंडास सांभाळावयास थोरली बहीण घरी राहते. तिचे बुडालेले धडे कोणी भरून देत नाही. घरी गोंडी बोलणारे बालक पहिल्याच वर्षी मराठी पुस्तकापुढे बसते, अर्थ न कळता घोकते, आणि लाजून मुके होते. त्यास मंदबुद्धी म्हणणे हा अन्याय होय. अशा मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न व्हावा, असे संविधानाचे ३५०क हे कलम १९५६ पासून सांगत आहे.

आपल्या ख्रिस्तसभेस हा धडा नवा नाही. इंग्लंडातून गोमंतकात आलेले फादर थॉमस स्टीफन्स प्रथम येथील भाषेचे विद्यार्थी झाले, आणि मगच १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. शिकविणाऱ्याने आधी शिकावे, हीच त्यांची वाट.

म्हणून धर्मग्रामस्थहो, ज्युबिलीची कमाई इमारतींच्या संख्येवर मोजू नये. आपल्यातील गोंडी जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने सायंकाळी चार मुलांजवळ बसावे; रोवणीपुरते लहानग्यांना सांभाळण्याचे काम धर्मग्रामाने पत्करावे. उत्तम मेंढपाळ नव्याण्णवांची मोजदाद करीत थांबत नाही. जे एक मागे राहिले, त्याच्याकडे तो स्वतः चालत जातो.