रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ते पुरवण्याची हमी देणारी महाराष्ट्र शासनाची योजना, संक्षेपाने रोहयो. 'मागेल त्याला काम' हे तिचे सूत्र. सरकारच्या मर्जीवर चालणाऱ्या दुष्काळी कामाला या योजनेने मजुराच्या कायदेशीर हक्काचे रूप दिले.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीतील दुष्काळसंहितांमुळे टंचाईत सार्वजनिक कामे काढण्याची पद्धत रूढ झाली. मात्र टंचाई जाहीर झाली तरच ही कामे निघत आणि पाऊस पडताच बंद होत. पर्जन्यछायेच्या टापूत बऱ्या वर्षीही सुगी सरली की भूमिहीनांच्या आणि कोरडवाहू अल्पभूधारकांच्या हाताला काम उरत नसे. या कायमच्या बेकारीवर उपाय म्हणून वि. स. पागे यांनी योजनेची कल्पना मांडली. ते दीर्घकाळ विधानपरिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये तिचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्याच्या कार्यक्रमात समाविष्ट झाली.

१९७२-७३ चा दुष्काळ : १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला. नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सातारा, सांगली या जिल्ह्यांत ज्वारी-बाजरी बुडाली, विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाने विकली गेली. नवी योजना बाजूला ठेवून शासनाने जुन्या धर्तीची टंचाई-कामे काढली : खडी फोडणे, रस्त्यांचे भराव, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली. मुलांना सुकडी वाटली गेली. रास्त भावाच्या दुकानांत मिलो ही आयात केलेली तांबडी ज्वारी आली. शिधा अपुरा होता, तरी हप्त्याच्या पगारामुळे कुटुंबांना बाजारात उभे राहता आले. राज्याबाहेरून खासगी व्यापारामार्गे किती धान्य आले, तसेच दुष्काळामुळे मृत्यू किती वाढले, यांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. पीक बुडते तेव्हा मजुरीही बुडते आणि दुकानात धान्य असूनही घर उपाशी राहू शकते, हे मात्र या काळात ठळकपणे दिसले. कामाची हमी हा अन्नसुरक्षेचाच भाग ठरतो तो यामुळे.

कायदा व निधी : दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देय असे. कामावर ठेकेदार नेमण्यास मनाई होती. वर्षातील दिवसांची कमाल मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला होता. निधीसाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. या व अन्य विशेष करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम शासन स्वतःची घाली. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कोरडवाहू गावाच्या मजुरीची तरतूद झाली.

कामांचे स्वरूप : योजनेचा टिकाऊ वारसा मृद्‌संधारण व जलसंधारणाच्या कामांत शोधावा लागतो. माथ्याकडून पायथ्याकडे या क्रमाने समतल चर, बांध, नालाबांध आणि शेवटी पाझर तलाव घेतले, तर ओढ्याला वाहून जाणारे पाणी मुरते आणि गाळही वरच अडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. म्हणून तलावाची जागा चुकली तर पाणी मुरत नाही, बाष्पीभवनाने उडून जाते. हजेरीपटावर माणसे वाढली की जागेचा अभ्यास न करता कामे उघडली गेली. अनेक तलाव अर्धवट राहिले, अनेक गाळाने भरले. १९८० च्या दशकात पाणलोट क्षेत्र हा घटक धरून कामे आखण्याचा प्रयत्न झाला. जेथे तो नेटाने झाला तेथे रब्बीचे क्षेत्र व विहिरींची पातळी सुधारली.

लाभाची वाटणी मात्र विषम झाली. मुरलेले पाणी तलावाखालच्या विहिरींना मिळाले, म्हणजे विहीर व जमीन असणाऱ्यांना. तलाव खणणाऱ्या भूमिहीनाच्या वाट्याला केवळ मजुरी आली. पाण्यावर त्याचाही हिस्सा असावा, ही विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीची भूमिका योजनेच्या नियमांत उतरली नाही. ही योजनेची सर्वांत गंभीर उणीव होय.

फळबाग लागवड : १९९० पासून योजनेशी जोडलेली. आंबा, काजू, डाळिंब, बोर, चिकू. लाभ जमीनधारकांपुरता.

मजुरी व उपस्थिती : १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर मोठ्या प्रमाणात वाढल्यानंतर योजनेवरील मनुष्यदिवस घटले. गरज कमी झाली की कामे हात राखून काढली गेली, याविषयी एकमत नाही. हजेरीपटांतील खोट्या नोंदी व मोजमापास होणारा विलंब या तक्रारी सर्व काळात आढळतात.

स्त्रिया : मजुरांत प्रमाण मोठे, दर पुरुषांइतकाच.

राष्ट्रीय कायदा : २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम बऱ्याच अंशी महाराष्ट्राच्या अनुभवावर बेतला होता. २ फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला. २००९ मध्ये त्यास महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. त्यात हमी प्रतिकुटुंब वर्षाला १०० दिवसांची होती. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवला.

अन्य देश : इथिओपियात २००५ पासून अन्नटंचाईग्रस्त कुटुंबांना सार्वजनिक कामांवर रोख रक्कम वा धान्य दिले जाते, तेथे लाभार्थी निवडले जातात, काम मागण्याचा कायदेशीर हक्क नाही.