‘फायनल फँटसी’ मालिकेची तुलना : क्रमांक, पाठ व रसिकमत

१. विषय व मर्यादा

एखादी कथामालिका तीन-चार दशके चालू राहिली, की तिच्या रसिकांत एक वाद हटकून उभा राहतो : तिच्यातील कोणता भाग श्रेष्ठ, आणि मालिकेचा ऱ्हास नेमका कोठून सुरू झाला ? जपानमधील ‘स्क्वेअर’ ह्या संस्थेने डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फायनल फँटसी’ ह्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमने सुरू झालेली मालिका ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जून २०२३ मध्ये तिचा सोळावा क्रमांकित भाग प्रसिद्ध झाला. ह्या साडेतीन दशकांत रसिकांनी भागाभागांची जी तुलना केली, तिचा साकल्याने इतिहास लिहिण्याचा येथे हेतू नाही. ह्या तुलनेतील विधाने ऐतिहासिक साधन म्हणून वापरावयाची झाल्यास त्यांपूर्वी कोणता विचार करणे अवश्य आहे, एवढेच दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ही सावधगिरी का सुचली, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. १९९० च्या दशकातील अमेरिकन खेळाडूंची मते वाचताना ‘तिसऱ्या भागा’ची स्तुती वारंवार आढळली, व प्रस्तुत लेखकाने ती टिपणवहीत १९९० साली जपानात निघालेल्या तिसऱ्या भागाच्या नावे नोंदविली. वस्तुतः त्या खेळाडूंपैकी बहुतेकांनी तो भाग पाहिलेलाही नव्हता. त्यांचा ‘तिसरा’ तो जपानचा सहावा होय. सर्व टिपणे पुन्हा लावावी लागली. आणि त्या श्रमातूनच पुढील विवेचन निघाले आहे.

२. क्रमांकांचा इतिहास

पहिला भाग अमेरिकेत १९९० साली, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर सुमारे अडीच वर्षांनी आला. तोपर्यंत जपानात दुसरा (१९८८) व तिसरा (१९९०) हे भाग निघून चुकले होते. परंतु ते इंग्रजीत आणले गेले नाहीत. जुलै १९९१ मध्ये जपानात निघालेला चौथा भाग त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ‘दुसरा’ म्हणून विकला गेला. पाचवा (१९९२) अजिबात आला नाही. सहावा (१९९४) ‘तिसरा’ झाला. त्यानंतर १९९७ साली सातवा भाग मात्र ‘सातवा’ म्हणूनच आला. अशा रीतीने अमेरिकन खेळाडूच्या दृष्टीने मालिका एक, दोन, तीन आणि मग एकदम सात अशी चालली. युरोपात तर मालिकेच्या मुख्य भागांपैकी सर्वांत आधी पोहोचला तो सातवाच.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. जपानात ‘सागा’ ह्या स्वतंत्र नावाने निघालेले खेळ अमेरिकेत ‘फायनल फँटसी लेजंड’ ह्या नावाने, आणि ‘सेइकेन देन्सेत्सु’ (१९९१) हा खेळ ‘फायनल फँटसी ॲडव्हेंचर’ ह्या नावाने विकला गेला. म्हणजे मालिकेतील तीन भाग वाचकापासून दूर राहिले, आणि मालिकेबाहेरील काही कृती तिच्या नावाखाली आत आल्या. राहिलेले भाग पुढे सावकाश भरून आले : पाचवा १९९९ साली, दुसरा २००३ साली, आणि तिसरा तर २००६ साली, तोही नव्याने घडविलेल्या रूपात. पाचव्या भागाच्या बाबतीत मात्र रसिक थांबले नाहीत. अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघण्यापूर्वीच त्यांच्यातील काहींनी हौसेने त्याचे भाषांतर करून ते प्रसृत केले होते.

ह्याचा तुलनेवर झालेला परिणाम उघड आहे. जपानी खेळाडूस सहावा भाग हा पाच भागांच्या क्रमविकासाचा परिपाक म्हणून दिसला. दुसऱ्या भागात वापराने वाढणारी कौशल्ये, तिसऱ्यात पेशा बदलण्याची मुभा, चौथ्यात ठाशीव व्यक्तिरेखा व धावत्या काळाबरोबर चालणारे युद्ध, पाचव्यात पेशापद्धतीचा विस्तार, असे टप्पे त्याच्या अनुभवात होते. चौदा प्रमुख पात्रे असलेला सहावा भाग अमेरिकन खेळाडूस मात्र जवळजवळ अपूर्व वाटला. ‘ह्याने सर्व काही नवे आणले’ हे त्याचे विधान त्याच्या वाचनापुरते खरे आहे. मालिकेविषयीचे विधान म्हणून ते ग्राह्य धरता येत नाही.

३. पाठभेद

क्रमांक जुळविले म्हणजे काम संपले असे नाही. एकाच क्रमांकाचा भाग दोन भाषांत एकच असतो, हेही गृहीत धरता येत नाही. १९९१ च्या अमेरिकन आवृत्तीत चौथा भाग सोपा करण्यात आला व पात्रांच्या कित्येक आज्ञा गाळण्यात आल्या. त्या काळी अमेरिकेतील निन्टेन्डोच्या धोरणानुसार धार्मिक सूचकता असलेले शब्द टाळले जात. म्हणून ‘होली’ हे मंत्रनाम चौथ्या भागात ‘व्हाइट’ व सहाव्यात ‘पर्ल’ झाले, आणि मद्यगृहांची उपाहारगृहे बनली. सहाव्या भागाचे अनुवादक टेड वूल्सी ह्यांना त्या कामासाठी सुमारे एक महिनाच मिळाला होता, हे त्यांनी पुढे सांगितले आहे. शिवाय जपानी काना लिपीत एका अक्षरचिन्हात एक उच्चारखंड मावतो. इंग्रजीत त्यासच दोन-तीन अक्षरे लागतात. ठरीव जागेत संवाद बसवावयाचा तर काटछाट अपरिहार्यच होती.

भाषाशास्त्रदृष्ट्या सर्वांत उद्बोधक उदाहरण मंत्रनामांचे आहे. जपानीत अग्निमंत्राच्या तीन पायऱ्या ‘फाइआ’, ‘फाइरा’, ‘फाइगा’ अशा आहेत. ‘रा’ व ‘गा’ हे येथे तरतमभाव दाखविणारे प्रत्यय असून ते हिम, विद्युत् इत्यादी मंत्रांनाही लागतात. मालिकेतील प्रत्येक भागाचे जग व पात्रे प्रायः नवी असताना अशा प्रत्ययांनी भागाभागांत एक भाषिक सातत्य राखले. इंग्रजीत दीर्घकाळ ह्या प्रत्ययांच्या जागी दोन व तीन हे आकडे वापरले गेले. ‘फायरा’, ‘फायरागा’ ही रूपे मुख्य मालिकेत आली ती आठव्या भागाच्या वेळी, १९९९ साली. ‘ही एकच मालिका कशावरून ?’ ह्या प्रश्नास जपानी खेळाडूजवळ जे एक सहज उत्तर होते, ते इंग्रजी खेळाडूजवळ नऊ वर्षे नव्हते.

विशेषनामांचेही असेच आहे. सहाव्या भागातील ‘टीना’ इंग्रजीत ‘टेरा’ झाली. सातव्या भागातील नायिकेचे नाव १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीत ‘एरिस’ असे छापले गेले. पुढील कृतींत ते ‘एरिथ’ असे स्थिर झाले. इंग्रजीतील दन्त्य घर्षक जपानी लेखनात ‘सु’ ह्या अक्षराने दाखवितात, म्हणून मूळ लेखनावरून दोन्ही वाचने संभवतात. आज कोणी ‘एरिस’ म्हणतो आणि कोणी ‘एरिथ’; ह्या एका वर्णावरून बोलणाऱ्याचा मालिकेत प्रवेश केव्हा झाला असावा, ह्याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

अनवधानाने वा घाईने रूढ झालेला पाठ पुढे प्रमाण कसा ठरतो, ह्याचा नमुना चौथ्या भागात आहे. टेला हा वृद्ध मांत्रिक एडवर्ड ह्या गायकास संतापाने संबोधितो. जपानीत तेथे ‘किसामा’ एवढेच मध्यमपुरुषी सर्वनाम आहे. हा शब्द मुळात आदरार्थी. पण अर्थावनतीने आज तो शिवीच्या पातळीवर उतरला आहे. इंग्रजी अनुवादकाने त्याच्या जागी ‘स्पूनी बार्ड’, म्हणजे साधारणतः ‘खुळचट भाट’, असा जुनाट शब्दप्रयोग योजला. रसिकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली, आणि थट्टा करता करताच तो त्यांना इतका प्रिय झाला, की पुढील नव्या भाषांतरांतही तो जाणूनबुजून राखण्यात आला. मूळ पाठाहून संप्रदायाचा पाठ बलवत्तर ठरावा, ही गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकांना नवी नाही. येथे विशेष एवढाच, की ती एका पिढीच्या आत, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली.

४. ऱ्हासाची कल्पना

रसिकांच्या तुलनेत ऱ्हासाचा आरोप जवळजवळ प्रत्येक भागावर झालेला आढळतो. सातव्याने यंत्रयुग आणून मूळ स्वरूप सोडले, आठव्याने शक्तिसंचयाची पद्धत क्लिष्ट केली, दहाव्याने मोकळा जगनकाशा टाकला, बाराव्याने युद्ध अर्धेअधिक पूर्वनियोजित आज्ञांवर सोपविले, अशी ही मालिका आहे. नववा भाग (२०००) तर जुन्या वळणाकडे बुद्ध्याच परतला, आणि तरीही वाद शमला नाही.

हे आरोप केवळ स्मरणरंजन म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. त्यांची परीक्षा करणे शक्य आहे. डिसेंबर २००९ मध्ये निघालेल्या तेराव्या भागावरील मुख्य आक्षेप असा, की त्यातील मार्ग एकाच सरळ रेषेत जातो. परंतु दहाव्या भागाचा मार्गही बव्हंशी सरळच आहे. आणि ‘फामित्सु’ नियतकालिकाच्या २००६ च्या वाचककौलात तसेच एन. एच. के. ह्या जपानी नभोवाणी संस्थेने २०२० साली घेतलेल्या मतदानात दहावाच भाग पहिला आला. दोन्ही वेळी दुसरे स्थान सातव्यास मिळाले. तेव्हा सरळ मार्ग हा स्वयमेव दोष होऊ शकत नाही. दहाव्या भागाची कथा यात्रेची आहे. यात्रेकरूचा मार्ग ठरलेला असणे हेच तिचे सूत्र होय, आणि वाटेवरील गावे व माणसे तो मार्ग भरून काढतात. तेराव्यात पात्रे पळून चाललेली आहेत, व त्यांना थांबण्यास गावच जवळजवळ ठेवलेले नाही. आक्षेपकांना जाणवलेली उणीव खरी होती. त्यांनी तिला दिलेले नाव चुकीचे होते, असे माझे मत आहे. रसिकमताचा उपयोग करताना उणीव व तिचे नाव ह्यांत असा भेद करावा लागतो.

५. नष्ट पाठ

एक अडचण मात्र विवेकाने सुटणारी नाही. सप्टेंबर २०१० मध्ये निघालेला चौदावा भाग हा जाळ्यावरून सहस्रावधी खेळाडूंनी एकत्र खेळावयाचा होता. तो सपशेल फसला. नाओकी योशिदा ह्यांच्या नेतृत्वाखाली त्याची पुनर्रचना होऊन २०१३ साली तो नव्या रूपात प्रसिद्ध झाला, व आज मालिकेतील अत्यंत यशस्वी भागांत त्याची गणना होते. जुने रूप नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद करण्यात आले. कथेतही त्या जगाचा प्रलय दाखविण्यात आला. ते जग आज अधिकृतपणे कोठेही उपलब्ध नाही. ‘जुन्याहून नवा कितीतरी चांगला’ हे सर्वमान्य विधान पडताळण्यास चित्रफिती, वर्णने व त्यावेळच्या खेळाडूंच्या आठवणी एवढीच साधने उरली आहेत. इतर भागांच्या बाबतीतही हा धोका आहे. २०२१-२२ मध्ये पहिल्या सहा भागांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा संगणकासाठी पूर्वी विकल्या जाणाऱ्या पाचव्या व सहाव्या भागांच्या आवृत्त्या विक्रीतून काढण्यात आल्या.

६. समारोप

ह्या विवेचनावरून असे दिसते, की ‘सहावा श्रेष्ठ की सातवा’ ह्यासारखे विधान पुराव्यात घेण्यापूर्वी अभ्यासकाने चार गोष्टी विचारल्या पाहिजेत : बोलणारा कोणत्या देशातील क्रमांक वापरीत आहे, कोणत्या भाषेतील कोणती आवृत्ती त्याने खेळली आहे, मालिकेत त्याचा प्रवेश कोणत्या भागाने झाला, आणि तो ज्यास दोष म्हणतो तो अन्य भागांत त्याने गुण मानला आहे काय ? ह्या प्रश्नांची उत्तरे न घेता केलेली मतांची बेरीज निरर्थक होय.

उलट, ती घेतली असता रसिकांचा हा अखंड वाद अत्यंत मोलाचा ठरतो. कोणती आज्ञा गाळली गेली, कोणता शब्द बदलला, हे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून प्रथम नोंदविले ते ह्याच रसिकांनी, आपला आवडता भाग श्रेष्ठ ठरविण्याच्या ईर्ष्येने. त्यांचा हेतू संशोधनाचा नव्हता. हाती आलेले काम मात्र बरेचसे संशोधनाचे आहे. जुन्या आवृत्त्या व त्या खेळलेली माणसे उपलब्ध आहेत तोवरच त्या कामाची तपासणी होऊ शकेल. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपैकी कोणी जपानी शिकत असल्यास, चौथ्या भागाच्या दोन पाठांची ओळीगणिक तुलना हा प्रबंधिकेसाठी योग्य विषय आहे.